एसएमईचा फ्लॅग पुन्हा गायब: मेमरी एन्क्रिप्शन आहे की नाही, हे नेमकं कुणाला विचारायचं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांच्या सर्व्हरची देखभाल करताना एक तक्रार फिरून फिरून येते. परदेशी खरेदीदार ऑर्डरच्या आधी सुरक्षेची प्रश्नावली पाठवतो. डिस्क एन्क्रिप्टेड आहे का, बॅकअप कुठे ठेवता, पासवर्ड किती दिवसांनी बदलता, असले प्रश्न संपले की खाली एक ओळ असते: मशीन चालू असताना मेमरीतला डेटा एन्क्रिप्टेड राहतो का? कारखान्याने एएमडीच्या एपिक प्रोसेसरचा सर्व्हर घेतलेला असतो. विकणाऱ्याने 'यात मेमरी एन्क्रिप्शन आहे' असं सांगितलेलं असतं, आणि बसवला तेव्हा लिनक्समध्ये एसएमई (एएमडीचं मेमरी एन्क्रिप्शन) हा फ्लॅग, म्हणजे सोय असल्याची खूण, दिसलेलाही असतो. पुढे ऑडिटच्या वेळी बघावं तर फ्लॅग नाही. मग अकाउंट विभागातून फोन येतो, "साहेब, प्रोसेसर बदलावा लागतोय का ओ?"

बहुतेक वेळा नाही लागत. प्रोसेसर जसा होता तसाच असतो. बदललेला असतो तो बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) किंवा कर्नल (लिनक्सचा गाभा). एकदा दुरुस्त करून दिलं तरी काही महिन्यांनी तेच पुन्हा होतं, म्हणून ही तपासणी एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

एक सूचना. कमांड, फाइली आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीसारखे रोमन लिपीत टाइप करायचे. कर्नलच्या कॉन्फिग फाइलीतले पर्याय तेवढे मोठ्या अक्षरांत असतात, कमांड आणि बाकीच्या फाइलींची नावं लहान अक्षरांत.

आधी शोध नीट घेतला का ते बघा

हास्यास्पद वाटेल, पण पहिली चूक इथेच होते. प्रोक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाइलीत ग्रेप या शोधायच्या कमांडने 'एसएमई' शोधलं की जवळपास प्रत्येक मशीनवर काहीतरी सापडतं, अगदी इंटेलच्या साध्या डेस्कटॉपवरही. कारण 'एसएमईपी' नावाचा एक वेगळाच फ्लॅग आहे. युजर प्रोग्रामच्या मेमरीतला कोड कर्नलने चालवू नये यासाठीचं ते संरक्षण. एन्क्रिप्शनशी त्याचा काही संबंध नाही, पण त्याच्या नावाची पहिली तीन अक्षरं तीच आहेत. त्यामुळे ग्रेपला पूर्ण शब्द जुळवणारा डब्ल्यू हा पर्याय दिल्याशिवाय आलेलं उत्तर धरायचंच नाही. 'आमच्या जुन्या झिऑनमध्ये (इंटेलचा सर्व्हर-प्रोसेसर) पण आहे की' म्हणणारे लोक बहुतेक इथेच फसलेले असतात.

उलटी फसगत डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये, होते. सर्व्हर कित्येक महिने बंदच झालेला नसेल तर बूटच्या वेळचे संदेश त्या बफरमधून कधीच पुसले गेलेले असतात. तिथे काही दिसलं नाही याचा अर्थ काहीच होत नाही. जर्नल-सीटीएलला के आणि बी हे पर्याय देऊन चालू बूटचे कर्नल-संदेश काढा. डेबियन आणि उबुंटूवर साध्या युजरला डीमेसेज वाचूही देत नाहीत, तेव्हा सुडो लावा.

तीन सह्या

वडिलोपार्जित जमीन विकायची तर तिन्ही भावांच्या सह्या लागतात, एक जरी अडला तरी व्यवहार होत नाही. इथेही तसंच आहे. प्रोसेसरमध्ये सोय हवी, बायोसने ती उघडलेली हवी आणि कर्नलने ती वापरायला घेतलेली हवी. नव्या कर्नलवर सीपीयूइन्फोतला फ्लॅग ही फक्त तिसरी सही आहे. ती नाही म्हणजे कोण अडलंय ते त्यावरून कळत नाही. म्हणून तिघांना वेगवेगळं विचारायचं, आणि खालून वर जायचं.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. एएमडीने २०१६ मध्ये दोन गोष्टी जाहीर केल्या आणि २०१७ च्या पहिल्या एपिकमध्ये त्या प्रत्यक्ष आल्या. एसएमई म्हणजे मशीनच्या सगळ्या मेमरीला एकच किल्ली. एसईव्ही म्हणजे प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला वेगळी किल्ली. एसएमईची किल्ली प्रोसेसरमधलाच एक छोटा सुरक्षा-प्रोसेसर दर बूटला नवी तयार करतो आणि ती सॉफ्टवेअरला कधीच दिसत नाही. एन्क्रिप्शन मेमरी कंट्रोलरमध्येच होतं. कोणतं पान एन्क्रिप्ट करायचं हे कर्नल पेज टेबलमधल्या एका बिटने सांगतो, त्याला सी-बिट म्हणतात. तिसरा प्रकार टीएसएमई. त्यात कर्नलला विचारायचंच नाही, बायोसने चालू केलं की सगळी मेमरी आपोआप एन्क्रिप्ट होते. रायझन प्रो लॅपटॉपवर 'मेमरी गार्ड' म्हणून विकतात तो हाच. इंटेलकडे याच जागी टीएमई आहे.

हे सगळं कशासाठी? मेमरीची पट्टी काढून दुसऱ्या मशीनमध्ये वाचता येते म्हणून. वीज गेल्यावर डीरॅममधला डेटा लगेच पुसला जात नाही आणि पट्टी गारठवली तर आणखी टिकतो, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये करून दाखवलं. मे महिन्यात सोलापुरात पट्टी आपसूक गार राहण्याची भीती नाही, पण त्या प्रयोगात वापरली ती साधी हवेची कॅनच होती, उलटी धरलेली.

पहिली सही: प्रोसेसर

इथे कर्नलच्या शब्दावर अवलंबून राहायचं नाही. सीपीयूआयडी नावाचं छोटं टूल जवळपास सगळ्या डिस्ट्रोंच्या भांडारात मिळतं. त्याला हेक्स ८०००००१एफ या लीफची (माहितीच्या पानाची) कच्ची किंमत विचारा. एका कोअरचं उत्तर पुरे, सगळ्यांची यादी काढली तर पडदा भरून वाहील.

उत्तरात ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स अशा रजिस्टरांच्या किमती येतात. त्यातल्या ईएएक्सच्या तळाचे बिट बघायचे. बिट ० म्हणजे एसएमई, बिट १ म्हणजे एसईव्ही, बिट ३ म्हणजे एसईव्ही-ईएस, बिट ४ म्हणजे एसईव्ही-एसएनपी (हे दोन्ही एसईव्हीचे पुढचे, जास्त कडक प्रकार). पहिल्या पिढीच्या एपिकवर ईएएक्समध्ये एफ येतं, म्हणजे खालचे चारही बिट चालू आणि एसएनपी नाही. एसएनपी तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या मिलानपासून आलं.

ईबीएक्स जास्त मजेशीर आहे. त्याच्या खालच्या सहा बिटांत सी-बिट कुठे आहे ते असतं आणि त्यावरच्या सहा बिटांत एन्क्रिप्शन चालू केल्यावर भौतिक पत्त्याचे किती बिट कमी होतील ते. पहिल्या पिढीवर तिथे हेक्स १६एफ येतं. फोड केली की सी-बिट ४७ वा आणि पत्त्यातून ५ बिट कमी. हे ५ लक्षात ठेवा, बायोस तपासताना कामाला येतील. ईसीएक्समध्ये एका वेळी किती एन्क्रिप्टेड व्हर्च्युअल मशीन चालू शकतील तो आकडा असतो. पहिल्या पिढीवर तो १५ आहे, दुसऱ्या पिढीवर ५०९.

ही लीफच नसेल किंवा ईएएक्स शून्य असेल तर मात्र उत्तर सरळ 'नाही' आहे, बायोसमध्ये कितीही शोधा. रिफर्बिश्ड बाजारात झिऑन ई५ व्ही३ आणि व्ही४ चे सर्व्हर खूप फिरतात, किमतीला परवडतात म्हणून इकडे बरेच जण घेतात. त्यांच्यात एएमडीचं हे नाहीच, आणि इंटेलचं टीएमई तोपर्यंत आलेलंही नव्हतं. अशा मशीनवर 'मेमरी एन्क्रिप्शन सपोर्टेड' असं कुणी लिहून दिलं असेल तर ते प्रोसेसरच्या एईएस सूचनांबद्दल असतं. त्या डिस्क एन्क्रिप्शन वेगात करतात, मेमरीशी त्यांचं देणंघेणं नाही. प्रश्नावलीत या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

आणि हो, हे सगळं खऱ्या मशीनवर चालवायचं. व्हर्च्युअल मशीनच्या आत सीपीयूआयडीचं उत्तर हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) देतो, त्याला वाटेल तसं. कर्नलही हायपरव्हायझर दिसला की एसएमईच्या वाटेला जात नाही. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर एसएमई शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

दुसरी सही: बायोस

पुन्हा पुन्हा गायब होण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे.

एसएमईसाठी सिस्कफिग नावाच्या एमएसआरमधला (प्रोसेसरच्या सेटिंगच्या रजिस्टरमधला) बिट २३ चालू असावा लागतो. त्याचा पत्ता हेक्स सी००१००१०. हा बिट बायोसनेच चालू करायचा असतो. कर्नलच्या दस्तऐवजात हे स्पष्ट आहे: बायोसने तो चालू केला नसेल तर बूट पॅरामीटर देऊनही लिनक्स मेमरी एन्क्रिप्शन सुरू करू शकत नाही. त्यामुळे 'ग्रबमध्ये ओळ टाकली, तरी काही होत नाही' ही तक्रार आली की मी ग्रब (लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) उघडतच नाही, आधी हा बिट बघतो.

बघायचा असा. मॉडप्रोबने एमएसआर मॉड्यूल चढवा, एमएसआर-टूल्स हे पॅकेज टाका आणि रूट होऊन आरडीएमएसआरला वरचा पत्ता द्या. एफ या पर्यायाला २३:२३ दिलं की तेवढाच बिट सुटा मिळतो. १ आला तर बायोसची सही झाली, ० आला तर नाही.

टूल टाकायची परवानगी नसेल तर एक पळवाट आहे. सीपीयूइन्फोच्या शेवटी 'ॲड्रेस साइझेस' अशी ओळ असते. पहिल्या पिढीच्या एपिकवर तिथे ४८ बिट भौतिक दिसत असेल तर बिट २३ बंद आहे. ४३ दिसत असेल तर चालू आहे, कारण कर्नल ते मघाचे ५ बिट वजा करूनच आकडा छापतो. पुढच्या पिढ्यांत मूळ आकडे वेगळे आहेत, तिथे सीपीयूआयडीने आलेली वजाबाकी करून पडताळा.

आता बायोसमधली जागा. एएमडीच्या बहुतेक सर्व्हर बोर्डांवर 'सीबीएस' नावाचा मेनू असतो, त्यात सीपीयूच्या सर्वसाधारण पर्यायांखाली 'एसएमईई' म्हणून ओळ सापडते. ती बहुधा 'ऑटो' वर असते, आणि ऑटोचा अर्थ प्रत्येक बोर्ड आपल्या मर्जीने लावतो. बायोस अपडेट केल्यावर तो अर्थही बदलू शकतो. म्हणून ऑटो ठेवायचंच नाही, स्पष्ट 'एनेबल' करायचं.

तरी ते परत का जातं? एक तर बायोस अपडेट. बऱ्याच बोर्डांवर नवी आवृत्ती चढवली की सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात, आणि अपडेट करणारा माणूस रेड आणि बूटची क्रमवारी तेवढी परत लावतो.

दुसरं कारण आपल्याकडचं आहे. बोर्डावरचा सीआर २०३२ हा सेल. सर्व्हरची वायर भिंतीत आहे तोवर बोर्डाला स्टँडबाय वीज मिळत राहते आणि सेल मेला तरी कुणाला कळत नाही. मग संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी येते, कारखाना बंद होतो, कुणीतरी शिस्तीने मेन स्विच पाडतो. सेटिंग सेलच्या जिवावर ठेवणारा बोर्ड असेल तर सुट्टीवरून परत आल्यावर घड्याळही चुकलेलं असतं आणि बायोसही कोरा. घड्याळ नेटवर्कवरून (एनटीपीने) आपोआप बरोबर होतं, त्यामुळे तो पुरावाही बुजतो. एन्क्रिप्शनचं ऑडिटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. जानेवारीत फ्लॅग गेला असेल तर मी पहिल्यांदा सेलच बघतो. बूटच्या अगदी सुरुवातीच्या जर्नलमध्ये तारीख भलत्याच वर्षाची दिसली की वेगळं निदान लागत नाही. पेठेतल्या कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळणाऱ्या सेलपायी निर्यातीची ऑर्डर अडकलेली बघितली की हसावं की रडावं कळत नाही.

तिसरी सही: कर्नल

एसएमईचा आधार लिनक्समध्ये ४.१४ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. पण कर्नल बांधताना तो पर्याय घेतलेला असला पाहिजे. बूट फोल्डरमध्ये तुमच्या कर्नलच्या आवृत्तीची कॉन्फिग फाइल असते, तिच्यात 'एएमडी मेम एन्क्रिप्ट' हा पर्याय 'वाय' (म्हणजे होय) वर आहे का बघा. नेहमीच्या डिस्ट्रोंत असतो. स्वतः बांधलेल्या छोट्या कर्नलात राहून जातो. बत्तीस बिटांच्या कर्नलवर हे चालतच नाही, तिथे फ्लॅग मुद्दाम पुसले जातात.

आता मुख्य भानगड. २०२२ पर्यंत सीपीयूइन्फोतला एसएमई हा फ्लॅग फक्त एवढंच सांगायचा की प्रोसेसरमध्ये सोय आहे आणि बायोसने ती उघडली आहे. कर्नल ती वापरतोय की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे फ्लॅग दिसायचा आणि मेमरीचं एक पानही एन्क्रिप्ट नसायचं! त्या वर्षी एक बदल झाला: कर्नल स्वतः एसएमई वापरत नसेल तर फ्लॅगच पुसून टाकायचा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला खरी स्थिती कळेल. बदल योग्यच होता. पण जुन्या कर्नलवरून नव्यावर आलेल्या सर्व्हरवर फ्लॅग एका रात्रीत नाहीसा झाला आणि लोकांनी अपडेटने एन्क्रिप्शन मोडलं असं धरलं. प्रत्यक्षात ते आधीही चालू नव्हतं. आधीच्या वर्षी 'फ्लॅग आहे' एवढ्या आधारावर प्रश्नावलीत 'होय' लिहिलेलं असेल तर ते उत्तर दुरुस्त करून पाठवलेलं बरं.

यातून निदानाचा एक सोपा मार्ग मिळतो. नव्या कर्नलवर सीपीयूइन्फोत एसईव्ही दिसतोय आणि एसएमई दिसत नाही, असं असेल तर पहिल्या दोन्ही सह्या झालेल्या आहेत. बायोस ठीक आहे, फक्त कर्नलला सांगायचं राहिलंय. दोन्हीही दिसत नसतील तर बायोसकडे वळा. एसएमई आहे पण एसईव्ही नाही, हे क्वचित दिसतं. एसईव्हीसाठी बायोसने एसएमएम (प्रोसेसरची बायोससाठी राखीव अवस्था) लॉक केलेलं असावं लागतं, ते राहिलं की कर्नल एसईव्हीचे फ्लॅग काढून घेतो.

कर्नलला सांगायचं ते बूट पॅरामीटरने: मेम, अंडरस्कोर, एन्क्रिप्ट, बरोबरचं चिन्ह, ऑन. मध्ये जागा सोडायची नाही. उबुंटू-डेबियनवर ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरच्या ग्रब फाइलीत ती टाकून अपडेट-ग्रब चालवायचं. रॉकी किंवा अल्मा असेल तर ग्रबी वापरा, त्याने सगळ्या कर्नलना एकदम लागू होतं. बूट झाल्यावर प्रोकमधली सीएमडीलाइन फाइल उघडून पॅरामीटर खरोखर पोहोचला का ते बघा. ग्रब फाइलीत आहे पण सीएमडीलाइनमध्ये नाही, असं अनेकदा निघतं, कारण फाइल बदलली आणि पुढची कमांड राहिली.

आधीच्या कर्नलात काही न सांगता एसएमई चालू व्हायचं, मग आता ऑन लिहावं का लागतं? काही डिस्ट्रोंच्या कर्नलात 'मुळातच चालू' असा पर्याय निवडलेला असायचा. त्यामुळे काही मशीन बूटच होईनात, म्हणून २०२१ मध्ये मूळ कर्नलने तो आपोआप निवडणं बंद केलं. डिस्ट्रो बदलली की हाही फरक पडतो.

शेवटचा शब्द जर्नलचा. त्यात 'मेमरी एन्क्रिप्शन फीचर्स ॲक्टिव्ह: एएमडी एसएमई' अशी ओळ आली तर तिन्ही सह्या झाल्या. जुन्या कर्नलात शब्दांचा क्रम थोडा वेगळा आहे, तेव्हा 'एन्क्रिप्शन' एवढ्याच शब्दावर आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न धरता शोधा.

चालू केल्यावर स्क्रीन काळी झाली तर

घाबरू नका. ग्रबच्या यादीत त्या कर्नलवर जाऊन ई दाबा, ओळीतून पॅरामीटर काढा आणि एफ१० ने बूट करा. तेवढ्या एका बूटपुरताच तो बदल असतो.

कारण असं. सी-बिट पत्त्यात खूप वर बसतो. ज्या कार्डाला तेवढे लांब पत्ते हाताळता येत नाहीत, त्याला एन्क्रिप्टेड मेमरी थेट वाचता येत नाही. मग कर्नल मध्ये एक उघडी जागा ठेवून डेटा तिथून इकडून तिकडे हलवतो. जर्नलमध्ये 'डीएमए बाउन्स बफर्स' असा इशारा दिसेल तो याचाच. आयओएमएमयू (कार्डांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू असेल तर बरीच कार्डं या फेऱ्यातून सुटतात, म्हणून बायोसमध्ये आयओएमएमयूही एनेबल ठेवा. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मात्र काही वेळा अडून बसतो. सर्व्हरला स्क्रीन लागत नाही म्हणून तिथे त्रास कमी. डिझाइन विभागातल्या वर्कस्टेशनवर, जिथे जॅकार्डची नक्षी काढतात, तिथे मी एसएमईच्या वाटेला जात नाही. तिथे टीएसएमई बरं.

टीएसएमई असेल तर फ्लॅग शोधूच नका

टीएसएमईमध्ये कर्नलला काही करायचं नसतं, त्यामुळे फ्लॅग येत नाही आणि जर्नलमध्येही 'ॲक्टिव्ह' अशी ओळ येत नाही. बायोसमध्ये चालू, मेमरी एन्क्रिप्टेड, आणि सीपीयूइन्फो गप्प. या अवस्थेला बिघाड समजून लोक विनाकारण बूट पॅरामीटर टाकत बसतात.

खात्री करायची तर सिस फोल्डरमधून. एएमडीचा सीसीपी ड्रायव्हर २०२२ पासूनच्या कर्नलात सुरक्षा-प्रोसेसरच्या पीसीआय डिव्हाइसखाली 'टीएसएमई स्टेटस' नावाची फाइल दाखवतो, मध्ये अंडरस्कोर. तिच्यात १ असेल तर झालं. ती फाइल सगळ्याच प्रोसेसरवर येत नाही. एफडब्ल्यूयूपीडी (फर्मवेअर अपडेट करणारं टूल) बसवलेलं असेल तर त्याचा सुरक्षा-अहवालही 'एन्क्रिप्टेड रॅम' अशी ओळ देतो. ऑडिटरला दाखवायला तो सुटसुटीत, कारण बिट आणि हेक्स समजावत बसावं लागत नाही.

इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात

सर्व्हरमध्ये टीएमई २०२१ च्या आइस लेक झिऑनपासून आहे. कर्नलला यात फार काम नाही, बायोसच सगळं करतो. सीपीयूइन्फोत टीएमई दिसला तरी ती फक्त सोय समजा. जर्नलमध्ये 'एक्स८६/टीएमई' ने सुरू होणारी ओळ शोधा. 'एनेबल्ड बाय बायोस' असेल तर चालू, 'नॉट एनेबल्ड' असेल तर बायोसच्या मेनूत 'टोटल मेमरी एन्क्रिप्शन' शोधा. आणखी खात्री हवी तर एमएसआर हेक्स ९८२ वाचा: बिट ० म्हणजे सेटिंग कुलूपबंद, बिट १ म्हणजे चालू. एसजीएक्स हा फ्लॅग याच्याशी जोडू नका. ते एकेका प्रोग्रामच्या छोट्या बंदिस्त भागापुरतं असतं.

व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर

एसईव्हीसाठी यजमान मशीनवर एसएमई चालू असण्याची गरज नाही, बायोसचा बिट २३ मात्र हवाच. केव्हीएम-एएमडी मॉड्यूलच्या पॅरामीटर फोल्डरमधली एसईव्ही फाइल वाय किंवा १ दाखवते का बघा आणि डेव्ह फोल्डरखाली एसईव्ही नावाचं डिव्हाइस आहे का बघा. एसईव्ही-ईएस दिसत नसेल तर बायोसमध्ये ईएसच्या मशीनसाठी किती क्रमांक राखून ठेवायचे असा एक पर्याय असतो. तो १ वर असेल तर ईएसला एकही क्रमांक उरत नाही. एसएनपीसाठी यजमानाचा कर्नल ६.११ किंवा त्यापुढचा हवा, पाहुण्याचा (आतल्या व्हर्च्युअल मशीनचा) ५.१९ पासून चालतो. आयओएमएमयू बंद असेल तर एसएनपी उभंच राहत नाही. घरगुती रायझनवर जुन्या कर्नलात एसईव्हीचा फ्लॅग दिसायचा, त्याला भुलू नका. एएमडी एसईव्हीचा अधिकृत आधार एपिकवरच देते.

पुन्हा होऊ नये म्हणून

सेल बदला, एसएमईई ऑटोवरून काढा, आणि त्या मेनूचा फोटो काढून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. बायोस अपडेट करणारा माणूस दर वेळी वेगळा असतो, फोटो तिथेच राहतो.

त्यापुढे, दर बूटनंतर एक छोटी सिस्टिमडी सर्व्हिस चालवा. तिने जर्नलमधली 'ॲक्टिव्ह' ओळ शोधायची, नसेल तर सीएमडीलाइन आणि बिट २३ ची किंमत जोडून ईमेल पाठवायचा. नुसता 'फ्लॅग नाही' असा ईमेल आला तर तुम्हाला परत कारखान्यात जाऊनच बघावं लागेल. या दोन किमती सोबत असल्या की बायोस उघडायचा की ग्रब, हे होटगी रोडवरून फोनवरही सांगता येतं. टीएसएमईच्या मशीनवर हीच सर्व्हिस जशीच्या तशी टाकली तर दर बूटला खोटा ईमेल येईल आणि लोक तो न वाचता उडवायला लागतील. तिथे तिला टीएसएमई स्टेटसची फाइल वाचायला सांगा.